प्रयोगशील दागिने करायचेत? मेंटॉर कसा शोधायचा आणि काम प्रदर्शनापर्यंत कसं न्यायचं

वेगळ्या वाटेचे दागिने करणारे बरेच जण एकाच जागी येऊन अडकतात असं मला दिसतं. हात बसलेला असतो, डाग देता येतो (म्हणजे धातूचे तुकडे तापवून जोडता येतात), कोंदण करता येतं, पत्रा ठोकून हवा तो आकार काढता येतो, ऑर्डरी पण येत असतात, पण स्वतःचं म्हणावं असं काम काही पुढे सरकत नाही. मधेच वेळ मिळाला की एखादी विचित्र अंगठी करायची, फोटो टाकायचा, लोक वा वा म्हणतात आणि मग परत कितीतरी महिने काहीच नाही. हे चक्र तोडायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तुमचं अर्धवट काम हातात घेऊन नीट प्रश्न विचारणारा माणूस, आणि दुसरी म्हणजे ते काम अनोळखी लोकांसमोर मांडायची ठरलेली तारीख. दोन्ही एकत्रच हवं. नुसता मेंटॉर असला की गप्पा वाढतात आणि काम बाजूला राहतं, आणि नुसतं प्रदर्शन असलं की माणूस घाईघाईत आधीपासून जमतंय तेच चकचकीत करून मांडतो.

ही जोडी मुद्दाम जुळवून केलेलं एक चांगलं उदाहरण म्हणजे न्यूझीलंडमधला हँडशेक प्रकल्प, पीटर डेकर्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेला. नव्या ज्वेलरने ज्याचं काम आपल्याला मनापासून आवडतं अशा कलाकाराचं नाव सुचवायचं, मग तो जगात कुठेही असो, त्याच्याशी लांबूनच बोलणं चालू ठेवायचं, आणि त्याच काळात प्रदर्शनं करत राहायची. तुमच्याजवळ असा प्रकल्प नसला तरी काही बिघडत नाही, याच पद्धतीने स्वतःचं स्वतः जुळवता येतं, कसं ते खाली सांगते.

आधी प्रश्न पक्का करा

मेंटॉर शोधायच्या आधी हे करा, कारण प्रश्नच नसला तर समोरचा कितीही मोठा असू दे, तो तुम्हाला फार तर छान छान सल्ले देईल. आणि प्रश्न म्हणजे "मला निसर्गावर काम करायचंय" असली थीम नव्हे, थीम कितीही ताणता येते आणि म्हणूनच तिचा उपयोग होत नाही. करून बघितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असा प्रश्न पाहिजे.

स्विस ज्वेलर ओटो क्युन्झली यांचं १९८० चं ब्रेसलेट बघा, नावाचा अर्थ होतो सोनं आंधळं करतं. काळ्या रबराची नळी, आत सोन्याचा गोळा, बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. आत खरंच सोनं आहे यावर घालणाऱ्याने विश्वास ठेवायचा. म्हणजे प्रश्न सरळ आहे, सोनं दिसलंच नाही तर त्याच्या श्रीमंतीचं काय होतं? किंवा डच डिझायनर खैस बाकर यांचं १९७३ चं सावलीचे दागिने म्हणून ओळखलं जाणारं काम, सोन्याची बारीक तार दंडाभोवती घट्ट आवळायची, मग काढायची, आणि त्वचेवर उमटलेला वळ हाच दागिना. तो थोड्या वेळाने जातो. इथे प्रश्न असा की वस्तू बाजूला काढली तर दागिना उरतो का. दोन्ही कामांत करामत फारशी नाहीये, पण प्रश्न इतका स्वच्छ आहे की एकदा बघितलं की डोक्यातून जात नाही.

तुमचा प्रश्न एवढा भारी असायची गरज नाही. मी ज्या एका मुलीबरोबर मेंटॉर म्हणून काम केलं तिचा प्रश्न साधा होता, दागिन्याचा आवाज घालणाऱ्याच्या चालण्यावरून ठरू शकतो का? म्हणजे नुसती किणकिण नको, हळू चाललं तर वेगळा आवाज, भरभर चाललं तर वेगळा. बस, एवढंच. पण एवढ्यावर ती मुलगी वर्षभर काम करू शकली, कारण प्रत्येक नमुना केला की त्यातून पुढचा प्रश्न निघत होता.

नमुने आधी, दागिना नंतर

एक सवय लावून घ्या, सुरुवातीला दागिना करायचाच नाही, फक्त नमुने करायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्या मुलीने चांदीच्या पत्र्याच्या छोट्या बंद डब्या केल्या, बोराएवढ्या, आत सुटे दाणे. पत्र्याची जाडी ०.३ मिलिमीटरपासून ०.८ पर्यंत बदलली, दाणे तेच ठेवले. मग जाडी तीच ठेवून दाणे बदलले, चांदीचे, स्टीलचे, वाळू, बिया. प्रत्येक डबीला चिठ्ठी बांधलेली, त्यावर जाडी, आत काय, जोड कसा, आणि एका ओळीत आवाज कसा वाटला.

आणि इथे तिला एक गोष्ट सापडली. डबी बंद करायला डाग दिला की आवाज बसायचा, थप्प असा मेलेला आवाज यायचा. तिला वाटत होतं आपला पत्रा जाड पडला. खरं कारण असं की डाग धरायला ९२५ ची (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदी ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते, आणि एवढ्या तापात ठोकून कडक झालेला पत्रा परत मऊ पडतो, आणि मऊ पत्रा वाजत नाही. ज्याने कधी तापवलेला आणि न तापवलेला पत्रा टेबलावर टाकून ऐकलाय त्याला हा फरक कानानेच कळतो. मग तिने डाग देणंच सोडलं, पत्र्याच्या कडेला बारीक पाकळ्या कापून त्या दुमडून डबी बंद करायला लागली, काही ठिकाणी रिव्हेट मारले. आवाज खणखणीत आला, शिवाय त्या दुमडलेल्या पाकळ्यांमुळे डबीला एक स्वतःचं रूपही आलं, जे कागदावर ड्रॉइंग काढून कधीच सुचलं नसतं.

(जाता जाता, बंद पोकळ वस्तूला डाग देणार असाल तर हवा जायला बारीक भोक ठेवाच. आतली हवा तापली की फुगते आणि जोड उघडतो, कधी कधी वस्तूच फुटते, तोंडासमोर. आणि नंतर ती वस्तू आम्लात टाकली तर पाणी आत शिरून बसतं आणि पुढच्या तापाला वाफ होऊन बाहेर फेकलं जातं. भोक ठेवलं असेल तर आधी पूर्ण वाळवा, मग ताव द्या.)

फसलेले नमुने टाकून देऊ नका. मेंटॉरसमोर तेच सगळ्यात जास्त बोलतात.

मेंटॉर कोण असावा

यात लोक पहिली चूक करतात ती म्हणजे ज्याचं काम आपल्यासारखं दिसतं तो माणूस शोधतात. तसं केलं की तुम्ही त्याची छोटी आवृत्ती होता. तुमच्याकडे जे नाहीये ते ज्याच्याकडे आहे असा माणूस बघा. तुमचा हात चांगला असेल आणि विचार ढिला असेल तर विचार करणारा हवा, आणि उलटं असेल तर सरळ एखादा पट्टीचा कारागीर हवा ज्याला धातू आतून माहितेय. मेंटॉर ज्वेलरच पाहिजे असंही नाही, शिल्पकार चालेल, कापडाचं काम करणारा चालेल, प्रदर्शनं लावणारा क्युरेटर चालेल.

मार्गारेट द पाटा या अमेरिकन ज्वेलरचं उदाहरण मला फार आवडतं. १९४० च्या सुमारास त्या शिकागोला लास्लो मोहॉली-नाज यांच्याकडे शिकायला गेल्या. ते ज्वेलर नव्हतेच, फोटो, चित्र, डिझाइन, प्रकाश हे त्यांचं जग. त्यांनी बाईंना जे सुचवलं त्याचा आशय असा होता की खडे हवेत पकडून दाखव, ते तरंगायला पाहिजेत. एवढ्याशा सूचनेवर त्या पुढची कितीतरी वर्षं काम करत राहिल्या, खडा धरणारा धातू कमीत कमी दिसावा म्हणून वेगवेगळ्या रचना शोधल्या, आणि फ्रान्सिस स्पेरिसन या खडे कापणाऱ्या कारागिराबरोबर बसून खड्याचे असे कट काढले की आत बघितल्यावर रेषा मोडतात, सरकतात, दुप्पट दिसतात. बघा, दोन वेगळी माणसं लागली, एकाने प्रश्न दिला, दुसऱ्याने हात दिला.

आणि चांगला गुरू स्वतःसारखे शिष्य घडवत नाही याचा पुरावा पाहिजे तर म्युनिकच्या कला अकादमीकडे बघा. हर्मन युंगर तिथे शिकवायचे, सोनं, मीना, रंगीत खडे, चित्रकाराच्या हाताने केल्यासारखं काम. त्यांच्याकडे क्युन्झली शिकले, ज्यांचं काम वर सांगितलंच, काळं रबर आणि झाकलेलं सोनं. १९९१ पासून त्याच जागी क्युन्झली शिकवायला लागले आणि त्यांच्याकडून लिसा वॉकर बाहेर पडल्या, ज्या सापडेल ती वस्तू चिकटवून नेकपीस करतात. तिघांचं काम शेजारी शेजारी ठेवलं तर गुरुशिष्याची साखळी आहे हे कुणाला सांगूनही पटणार नाही. मेंटॉर निवडताना म्हणूनच त्याच्या आधीच्या शिकाऊ लोकांचं काम बघा. सगळे एकसारखे दिसत असतील तर तिथे जाऊ नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

विचारायचं कसं? छोटा मेल लिहा. मी कोण हे दोन ओळींत, प्रश्न एका ओळीत, नमुन्यांचे चारपाच फोटो, त्यात एखादा फसलेला सुद्धा, आणि तुम्हाला नक्की काय हवंय ते, म्हणजे सहा महिने, महिन्यातून एकदा तासभर व्हिडिओ कॉल, शेवटी प्रदर्शन अमुक महिन्यात. "मला मार्गदर्शन करा" असं मोघम लिहिलं की समोरच्याला कळतच नाही की हो म्हटल्यावर किती वेळ जाणार, मग तो नाही म्हणतो किंवा उत्तरच देत नाही. मानधनाचं पण तिथेच स्पष्ट विचारा. अनुभवी माणसाचा वेळ फुकट धरू नये, पैसे जमत नसतील तर त्या बदल्यात काय देऊ शकता ते सांगा. नकार आला तर "मग कुणाला विचारू" एवढं विचारायला विसरू नका, बरेचदा बरोबर माणूस तिथूनच सापडतो.

पहिल्या भेटीतच दोन गोष्टी बोलून घ्या. एक, या काळात केलेलं काम तुमचं, मेंटॉरचं नाव कुठे आणि कसं द्यायचं ते त्यांच्याशी ठरवून. दुसरी, मधेच थांबायचं असेल तर दोघांपैकी कुणालाही थांबता यावं, वाईट न वाटता.

भेटीत काय करायचं

तयार, पॉलिश केलेला दागिना घेऊन जाऊ नका. तयार वस्तू दाखवली की समोरचा म्हणतो छान आहे, आणि तास संपतो. अडलेली वस्तू न्या. प्रत्यक्ष भेट असेल तर नमुन्यांचा ट्रे, लांबून असेल तर आदल्या दिवशी फोटो आणि छोटे व्हिडिओ पाठवा, आणि वस्तू हातात धरून, अंगावर घालून दाखवा, नुसत्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूचा आकार स्क्रीनवर कळत नाही. कॉलवर मी कायम सांगते, ब्रोच आहे ना, मग आधी उलटा करून दाखव. मागे पिन कुठे लावलीय, जोड कसा आहे, कडा घासल्यात का, यावरून कळतं की करणाऱ्याने अंगावरच्या दागिन्याचा विचार केलाय की भिंतीवरच्या चित्राचा. पिन ब्रोचच्या मध्यरेषेच्या वर पाहिजे, नाहीतर वरची बाजू पुढे झुकते आणि ब्रोच जमिनीकडे बघत राहतो. रुंद असेल तर दोन काड्यांची पिन लावा, गोल फिरणार नाही. प्रयोगशील कामात लोक याकडे दुर्लक्ष करतात, आणि नेमकं इथेच काम पडतं.

मेंटॉर बोलत असताना लिहून घ्या किंवा परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि तिथल्या तिथे स्वतःची बाजू मांडत बसू नका. "नाही पण मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडात आलं की गिळा. वस्तूने ते सांगितलं नाही एवढीच माहिती तुम्हाला पाहिजे होती आणि ती मिळाली. दोनतीन दिवस जाऊ द्या, मग नोट्स वाचा आणि प्रत्येक शेरा कोणत्या जातीचा आहे ते बघा. तंत्राबद्दल असेल, म्हणजे इथे जोड तुटेल, हा गोंद पिवळा पडेल, तर वाद घालू नका, करून टाका. अर्थाबद्दल असेल, म्हणजे मला हे बघून भीती वाटली, मला हे खेळणं वाटलं, तर आणखी दोघातिघांना न सांगता दाखवा आणि त्यांना काय वाटतं ते बघा. आणि आवडीबद्दल असेल, म्हणजे मी असतो तर निळा वापरला असता, तर नम्रपणे बाजूला ठेवा. तो त्यांचा निळा आहे.

त्या आवाजवाल्या मुलीला मी विचारलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न तंत्राचा नव्हताच, हे घालून जिना उतरलीस का, एवढंच विचारलं होतं. नव्हती उतरली. उतरल्यावर कळलं की डब्या कपड्यावर टेकल्या की गप्प होतात, आवाज फक्त त्या मोकळ्या लोंबत असतील तेव्हाच येतो. मग तिने गळ्यातल्याचा नाद सोडला आणि कोपरापासून लोंबणारा एक प्रकार काढला, हात हलला की डब्या हवेत झुलायच्या. प्रश्न तोच राहिला, दागिन्याची शरीरावरची जागा बदलली. यासाठी अंगावर घालून बघायचं. दिवसभर घाला, गाडीत बसा, ओझं उचला, कुणाला मिठी मारा, केस अडकतात का बघा, मान भरून येते का बघा.

कधी कधी मेंटॉरशी पटत नाही. दोन भेटी सलग अशा गेल्या की तुम्ही बाहेर पडल्यावर हातात काहीच नसतं, तर मोकळेपणाने सांगा की मला अमुक गोष्टीवर बोलायचंय. तरी नाही झालं तर आभार मानून थांबा. यात कुणाचा अपमान नाही.

तारीख आधी, जागा नंतर

प्रदर्शन कामाच्या शेवटी ठरवायचं नसतं, सुरुवातीलाच तारीख टाकायची. आणि शक्य असेल तर दोन, मधे एक छोटं, शेवटी एक मोठं. मधलं कुठेही होऊ शकतं, कुणाच्या तरी स्टुडिओत, वाचनालयाच्या कपाटात, मित्रांच्या घरी एका संध्याकाळी. तिथे नमुनेसुद्धा मांडा, चिठ्ठ्यांसकट. मधल्या प्रदर्शनाचा खरा उपयोग हा की लोक वस्तू कशी उचलतात ते तुम्हाला शेवटच्या आधी बघायला मिळतं.

मोठ्या ठिकाणांचं थोडं सांगते. म्युनिकला १९५९ पासून श्मुक नावाचं वार्षिक प्रदर्शन भरतं, हस्तकलेच्या मोठ्या मेळ्यात, अर्जांतून निवड होते आणि त्याच आठवड्यात शहरभर ज्वेलरांची स्वतःची छोटी छोटी प्रदर्शनं चालू असतात. नेदरलँड्समधल्या नाइमेगनला मार्झे ही गॅलरी दरवर्षी जगभरच्या नुकत्या शिकून बाहेर पडलेल्यांचं काम लावते. अर्ज करताना सगळीकडे एकच गोष्ट चालते, एका दिशेचं काम. दहा प्रकारच्या दहा वस्तू पाठवल्या तर निवडणाऱ्याला तुम्ही कळतच नाही, एकाच प्रश्नाच्या पाच वस्तू पाठवल्या तर कळता. फोटोत एक तरी अंगावर घातलेला पाहिजे, नाहीतर वस्तू नखाएवढी आहे की ताटाएवढी ते समजत नाही. लिहायचा मजकूर साधा ठेवा, काय विचारलं, कशातून केलं, घातल्यावर काय होतं. मोठमोठे शब्द टाळा.

मांडणी: शरीर गेलं की अर्धा दागिना जातो

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. दागिना काचेच्या पेटीत गेला की त्याचं वजन, त्याची हालचाल, त्याचा स्पर्श सगळं जातं आणि उरतो तो छोटा पुतळा. वर सांगितलेले बाकर आणि डच ज्वेलर एमी फान लेअरसुम यांनी १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये आपल्या मोठाल्या धातूच्या कॉलर मॉडेलांच्या अंगावर घालून दाखवल्या होत्या, फॅशन शोसारख्या. ते उगीच नव्हतं, ती कॉलर माणसाच्या मानेला काय करायला लावते हे टेबलावर ठेवून कसं दिसणार?

आमच्या त्या डब्यांचं तर सरळ होतं, काचेत आवाजच नाही. मग चर्चा होऊन असं ठरलं की मुख्य वस्तू मोकळ्या हवेत बारीक तारेला टांगायच्या, आणि एक जास्तीची वस्तू फक्त लोकांनी घालून बघायला, शेजारी एक माणूस कायम उभा. तो माणूस फार महत्त्वाचा. वस्तू घालायला मदत करतो, आरसा धरतो, आणि लोक काय बोलतात ते ऐकतो. घालायला देणार असाल तर ती वस्तू मूळ कामापेक्षा दणकट करा, आणि प्रत्येक वेळी पुसायला कापड ठेवा. देता येत नसेल तर घालून चालतानाचा छोटा व्हिडिओ शेजारी लावा, आवाजासकट, पण स्क्रीन वस्तूपेक्षा मोठी नको, लोक स्क्रीनकडेच बघत बसतात.

उंची सरासरी माणसाच्या डोळ्यांच्या थोडी खाली ठेवा, आणि व्हीलचेअरवरून दिसतं का ते स्वतः बसून तपासा. प्रकाश बाजूने द्या, वरून सरळ टाकला तर चांदी नुसती चमकते, आकार हरवतो. कागद, पिसं, रंगवलेलं कापड असेल तर प्रकाश कमीच, म्युझियमं अशा नाजूक वस्तूंसाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास राहतात. चांदी रबरावर किंवा लोकरीच्या फेल्टवर ठेवू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते, प्रदर्शन महिनाभर चालणार असेल तर शेवटच्या आठवड्यात फरक दिसतो. आणि वस्तू कमी ठेवा. मेंटॉरला बोलावून सांगा की यातल्या तीन काढ, कुठल्या काढतो ते बघा. काढल्यावर भिंत सुधारली तर त्या परत लावू नका, त्यांच्यावर कितीही रात्री गेल्या असल्या तरी.

कागदपत्रं आणि सामान

हे कंटाळवाणं आहे पण करा. गॅलरीशी लेखी करार घ्या: वस्तू किती दिवस तिथे, विकली तर वाटा किती (निम्मा वाटा गॅलरीचा हे बऱ्याच ठिकाणी चालतं, त्यामुळे किंमत ठरवताना ते आधीच धरा), पैसे किती दिवसांत, विमा कुणाचा, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा. प्रत्येक वस्तूचा पाठवायच्या दिवशीचा फोटो आणि स्थिती लिहून ठेवा, म्हणजे परत आल्यावर ओरखडा कुठे पडला यावर वाद होत नाही. खोक्यात वस्तूच्या आकाराची जागा कापा आणि झाकणाच्या आत फोटोसकट लिहा की कशी ठेवायची, कारण परत भरणारे तुम्ही नसता.

दुसऱ्या देशात फक्त दाखवायला नेणार असाल तर एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता नेण्याचा कस्टमचा कागद, मिळतो का बघा, तो परत आणायच्या मालासाठी असतो, विकायचा विचार असेल तर वेगळे कागद लागतात. पोवळं, शंखशिंपले, कासवाची पाठ, पिसं, हस्तिदंत यातलं काही कामात असेल तर सायटिस करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) ती जात येते का हे काम सुरू करायच्याच आधी तपासा, नंतर सीमेवर वस्तू जप्त झाली की काही करता येत नाही. आणि त्वचेला लागणाऱ्या धातूत निकेल बघा. युरोपियन युनियनमध्ये दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही, टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागाला तर ०.२ च. प्रयोगासाठी बाजारातून उचललेल्या तारा, साखळ्या, जुने सुटे भाग यात निकेल हमखास सापडतं.

प्रदर्शन चालू असताना आणि नंतर

उद्घाटनाच्या दिवशी ओळखीचेच येतात, सगळे कौतुक करतात, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. नंतर एखाद्या गर्दी नसलेल्या दुपारी जाऊन कोपऱ्यात बसा, आपण कोण ते न सांगता. लोक कुठे थांबतात, काय वाचतात, कुठली वस्तू उचलायला हात पुढे करतात आणि मागे घेतात ते बघा. त्या डब्यांपाशी एक आजी आल्या, त्यांनी हातात घातलं, दोनदा हात हलवला आणि मग मुद्दाम इतक्या सावकाश हलवायला लागल्या की आवाज येऊच नये. जवळजवळ पाच मिनिटं त्या तेच करत होत्या. तोवर आम्ही सगळे आवाज कसा काढायचा याच्याच मागे होतो, आवाज न येऊ देण्यातही घालणाऱ्याला एवढं काही मिळेल हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

प्रदर्शन संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत मेंटॉरबरोबर शेवटची बैठक ठेवाच, लोक ही बैठक टाळतात कारण थकलेले असतात. परत आलेल्या वस्तू सोबत न्या. कुठल्या कडा झिजल्या, कुठली पाकळी उघडली, पिन कुठे वाकली, चांदी कुठे काळी पडली, हे सगळं त्या वस्तूंवरच लिहिलेलं असतं. मग नमुन्यांचा पहिला ट्रे काढा आणि त्याच्या शेजारी ठेवा. त्या मुलीने तसं केलं तेव्हा तिच्या ट्रेमध्ये वाळू भरलेली एक जाड डबी होती, फसलेली म्हणून वर्षभर तशीच पडलेली, कारण तिचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. नव्या नमुन्यांची सुरुवात तिने त्या डबीपासून केलीय.